मदत हवी आहे: टॉर्च रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह आलंय

गाव खानापूर तालुक्यात. धाकट्या जावेला तिसरा महिना लागलाय. मागच्या खेपेला दिवस राहून पडले होते, म्हणून यावेळी बेळगावात खाजगी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) लिहून दिली. रिपोर्ट असा:

रुबेला, सीएमव्ही (एक विषाणू): आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह
टोक्सोप्लाझ्मा (मांजराच्या विष्ठेतूनही पसरणारा परजीवी): आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम बॉर्डरलाइन

डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार. शेजारच्या आक्का रिपोर्ट बघून "मोकळी करून घ्या", म्हणजे गर्भ पाडा, म्हणून गेल्या, तेव्हापासून ही नीट जेवेना. सासूबाई मांजराच्या मागे लागल्यात. भाताला उंदीर लागतात म्हणून पाळलंय ते. आशाताई म्हणतात तायी कार्डाच्या (सरकारी गरोदर-माता कार्डाच्या) तपासण्यांत टॉर्च नसतेच; एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची), हिपॅटायटिस बी झाल्यात, तिन्ही निगेटिव्ह. मग ही करायला लावली कशाला?

प्रतिसाद १
ताई, आधी तिला जेवायला घाला. आयजीजी म्हणजे कधीतरी होऊन गेलेला संसर्ग किंवा घेतलेली लस. २०१७ साली गोवर-रुबेलाच्या मोहिमेत कर्नाटकात १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस दिली होती, तिलाही शाळेत मिळाली असेल. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं चांगलंच. ते निगेटिव्ह असतं तर जास्त जपावं लागलं असतं, कारण गरोदरपणात ती लस देत नाहीत.

प्रश्न उरतो टोक्सोचा. आयजीएम ही सहसा नव्या संसर्गाची खूण, पण टोक्सोचं आयजीएम काही महिने, कधी वर्षभरही रक्तात राहतं, आणि खोटंही येतं. त्यावरून गर्भ पाडायचा निर्णय कुणीच घेऊ नये. डॉक्टरांना आयजीजी एव्हिडिटीबद्दल (संसर्ग जुना की नवा याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) विचारा. तिसऱ्या महिन्यात ती 'हाय' आली तर संसर्ग दिवस राहण्याआधीचा. 'लो' आली तरी नवाच आहे असं ठरत नाही; पुढच्या तपासण्या आहेत, औषधही आहे.

प्रतिसाद २
आशाताईंचं बरोबर आहे. सरसकट सगळ्यांना टॉर्च करायची गरज नसते, आणि वारंवार गर्भ पडण्याचं कारणही त्यातून सहसा सापडत नाही. पण आपल्याकडे एकदा पडलं की लिहून देतातच!

मांजर राहू दे, फक्त त्याची घाण तिनं काढायची नाही. परसात माती उकरली तर हात साबणानं धुवायचे. भाजी धुऊन, मटण पूर्ण शिजवून. कच्च्या मटणातूनही टोक्सो होतो, हे सासूबाईंना सांगा की.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार. जावेला वाचून दाखवलं. एव्हिडिटीसाठी परत रक्त द्यावं लागेल की त्याच नमुन्यावर होते? आणि बेळगावात कुणी केली असेल तर खर्च किती आला तेही सांगा.