रोज एसटीनं कॉलेजला जाते. कपड्यांत माझी अशी स्टाईल कशी आणू?

रानपाखरू: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दारव्ह्याजवळच्या गावातून रोज यवतमाळला जाते. वर्गात सगळ्यांच्या अंगावर त्याच ऑनलाइन रेयॉनच्या कुर्त्या, त्याच लेगिंग्ज, माझ्याही. मला माझं असं काही घालायचंय, पण गावात सगळ्यांनी वळून पाहावं असं नको. बजेट ३,००० रुपये. गावात शिवणारी ताई चांगली आहे. सुरुवात कुठून करू?

सुईदोरा: खरेदी सध्या थांबवा. दोन आठवडे रोज निघताना आरशात डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढा आणि संध्याकाळी त्याखाली एक ओळ लिहा: काखेत ओढलं, गळा सारखा सावरावा लागला, ओढणी बसच्या दारात अडकली. मग जे कपडे हात आपोआप उचलतो ते बाजूला काढून टेपनं मोजा. उंची, बाही, गळ्याची खोली, छातीचा घेर. आवड अशी इंचांत सापडली की शिवणाऱ्या ताईंना नीट सांगता येते. नुसता इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवलात तर रंग आणि गळा जमेल, बेत मापात फसेल.

रंगाचं म्हणाल तर सलवार-पँट दोनच रंगांत ठेवा, म्हणजे कुठलाही कुर्ता कशावरही चालतो. कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन चेहऱ्याखाली धरून पाहा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात राखाडी व आकाशी टाळा, घामाचा डाग त्यांवर सगळ्यांत उठून दिसतो. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापा तो झाकतो.

वऱ्हाडी मावशी: पोरी, सुती कापड घेतल्या घेतल्या शिवाले टाकू नोको. रातभर साध्या पाण्यात भिजू दे, सावलीत वाळव, इस्त्री कर, मंग दे. नवं सुती कापड पह्यल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते. ४० इंचाच्या कुर्त्यात सव्वा ते दोन इंच गेले ना बापा! गडद रंग येगळा भिजवजो.

अन् दुकानदार म्हणते म्हणून सुती समजू नोको. काठाचे चार धागे चिमट्यात धरून पेटव. सुती असन तर कागद जळल्यावानी वास येते अन् राख बोटानं भुरभुर होते. पॉलिस्टर वितळते, काळा कडक मणी बनते. रेयॉन मात्र सुतीसारखंच जळते. त्याचा धागा ओला करून ओढजो, चटकन तुटते.

रानपाखरू: धन्यवाद मावशी. अजून एक. खिसा हवाच आहे, बसमध्ये मोबाइल हातात धरून उभं राहावं लागतं. पण कुर्त्याला खिसा केला की एक बाजू लोंबते. आणि कापड किती घेऊ?

टीप_मारा: मोबाइलचं सगळं वजन एकाच शिवणीवर येतं, म्हणून लोंबते. खिशाचं तोंड ६ ते साडेसहा इंच ठेवा, कंबरेखाली इंचभरावर सुरू करून. साइड कट खिशाचं तोंड संपल्यावर आणखी दीड-दोन इंच खाली सुरू व्हायला हवा. दोन्ही जवळ आले तर शिवण नेमकी तिथे उसवते. तोंडाच्या पुढच्या कडेला आतून इंचभर रुंद पातळ कॅनव्हासची पट्टी लावा, दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारा, आणि खिशाची पिशवी पुढच्या भागाकडे वळवा. मलमलला खिसा नकोच, ती वजन पेलत नाही. पॉपलीन किंवा खादी घ्या.

पाऊण बाहीच्या ४० इंची कुर्त्याला ४४ इंची पन्ह्याचं (म्हणजे कापडाच्या रुंदीचं) अडीच मीटर कापड पुरतं, ३६ इंची पन्हा असेल तर ३ मीटर. छातीला ३ ते ४ इंच लूज, बाजूच्या शिवणीत इंचभर मार्जिन.

मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईकडे, मात्र नीट लक्ष द्या. तो खोल असला की बसचा दांडा धरायला हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. कापल्यावर मुंढा वर घेता येत नाही, म्हणून जुन्या कुर्त्यांत हात वर करून पाहा आणि ज्यात खालची कड सगळ्यांत कमी उचलली जाते, तो मापाला द्या.

काठपदर: खादी हवी असेल तर वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली मिळते. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेली संस्था आहे. ते रंग जरा मवाळ असतात, सहसा एकमेकांशी भांडत नाहीत.

घरात आजीची करवती काठाची (करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली) टसर रेशमाची साडी पडून असेल तर तिची ओढणी करा; आपल्या विदर्भाचं विणकाम आहे आणि तसं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर नसेल. आधी घडीच्या रेषा उजेडासमोर धरून पाहा, जुनं रेशीम तिथेच विरतं. विरलेला भाग सोडून कापा.

सुईदोरा: पैसे एकदम संपवू नका. एकच कुर्ता शिवून घ्या, तीनदा धुऊन बसप्रवासात वापरा, खटकलेलं माप ताईंकडे दुरुस्त करा आणि मगच दुसरं कापड घ्या.