विमान हललं की काय करायचं? : अनुभव धागा

सांजवेळ : दुसऱ्या एका चर्चेत 'विमान हललं की हातपाय गार पडतात' असं कुणीतरी लिहिलं आणि हा जुना विषय परत वर आला. विमान चालवणारे, दुरुस्त करणारे, केबिनमध्ये काम करणारे, डॉक्टर, समुपदेशक असे बरेच जण इथे वावरतात. 'घाबरू नका' एवढं सोडून काहीही लिहा. काय करायचं, कधी, कशासाठी.

सुरुवात करून देते. सीट पंखांच्या आसपासची घ्या. विमान डोलतं ते गुरुत्वमध्याभोवती आणि तो पंखांजवळ असतो. सगळ्यात जास्त डोलतात त्या शेपटीकडच्या रांगा. दुसरं, जमलं तर सकाळचं विमान धरा. दुपारी जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि खालच्या थरांत हिसके वाढतात.

नटबोल्ट : फोनवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. निम्मी भीती आवाजांची असते, म्हणून ते क्रमाने देतो.

१. एअरबस ३२० असेल तर गेटजवळ किंवा टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालताना, पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. तो पीटीयू, म्हणजे एका हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेची ताकद दुसरीला देणारा पंप. हिरव्या आणि पिवळ्या अशा दोन यंत्रणांच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं एकक) जास्त फरक पडला की तो आपोआप सुरू होतो. एकाच इंजिनावर टॅक्सी करताना हमखास ऐकू येतो.
२. जमीन सुटल्यावर थोड्याच वेळात वाऱ्याचा घोंगाट वाढतो, मग खाली धप्प. चाकं आत गेली, दारं मिटली.
३. १००० ते १५०० फुटांवर इंजिनांचा आवाज एकदम उतरतो. टेकऑफची ताकद कमी करून चढाईची लावतात. बंद काही पडलेलं नसतं.
४. मग पंखातून घर्रर्र. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या, आत घेतायत.
५. उतरताना अंगभर थरथर आणि पंखावर उभ्या झालेल्या पट्ट्या म्हणजे स्पीडब्रेक. वेग आणि उंची उतरवायला लावतात.
६. टेकल्यावरची डरकाळी रिव्हर्स थ्रस्टची, म्हणजे वेग मारायला इंजिनाचा जोर उलटा लावतात त्याची.

'टिंग' वाजलं की दचकू नका. बहुतेक वेळा कुणीतरी पाणी मागितलेलं असतं.

बडबडी : तिसऱ्या नंबरला अर्धं विमान देवाचं नाव घेतं 😀

उजवी_सीट : त्या तिसऱ्या नंबरचं कारण लिहितो, कारण तिथेच 'पडतोय' असं वाटतं. आतल्या कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. विमान जोरात चढत होतं, आता जरा कमी जोरात चढतंय, तर कान ते 'खाली चाललो' असं वाचतो. विमान प्रत्यक्षात वरच जात असतं. टर्ब्युलन्समध्ये (हवेच्या हिसक्यांत) हेच उलटसुलट होत राहतं. पोटात गोळा येतो, पण हलक्या हिसक्यांत उंचीमापकावर फरक दिसतो तो बहुधा काही फुटांचा.

खात्री करायची असेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर ठेवा आणि नजर पाण्यावर ठेवा. मन 'कोसळलो' म्हणत असतं तेव्हा पाणी थोडंसं डचमळून परत सपाट होतं.

कॉकपिटमध्ये तेव्हा काय चालतं? वेग ठरलेल्या मर्यादेत आणतात (एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर वरच्या उंचीवर मॅक ०.७६, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७६ पट, याच्या आसपास), पट्ट्याचा दिवा लावतात, पुढच्या विमानांकडून कुठल्या उंचीवर शांत आहे ते विचारून उंची बदलून मागतात. तीव्र वादळी ढग दिसले तर निदान २० नॉटिकल मैल लांबून जायचं. ढग नसताना, जेट स्ट्रीमच्या (उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या) कडेला हलतं ते रडारवर दिसत नाही. रडार पाण्याचे थेंब पकडतं, कोरडी हवा नाही. म्हणून दिवा विझलेला असला तरी पट्टा लावलेलाच ठेवा.

तुळई : आणि पंख तुटणार नाही का? (हा प्रश्न येणारच होता.)
मोठ्या प्रवासी विमानाचा सांगाडा निदान २.५ जी, म्हणजे गुरुत्वाच्या अडीचपट, एवढा भार धरून बनवतात. सेवेत अपेक्षित असलेला तो सगळ्यात मोठा भार. त्याच्या दीडपट भार चढवून ३ सेकंद टिकायला हवं, असा नियम आहे. बोइंग ७७७ चा पंख १९९५ च्या चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला, तो त्या सगळ्यात मोठ्या अपेक्षित भाराच्या १५४ टक्क्यांवर मोडला. खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना दिसतं ते व्हायलाच हवं. ताठ पंख असता तर प्रत्येक हिसका सरळ तुमच्या पाठीत आला असता.

मधली_सीट : खिडकी की आईल (मधल्या वाटेकडची सीट)? यावर एकमत होणार नाही, पण विचारून ठेवते.

शांतनिवांत : @मधली_सीट, क्षितिज दिसलं की बरं वाटतं त्यांनी खिडकी, कोंडल्यासारखं होतं त्यांनी आईल. नियम नाही.

आता श्वास. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छाती घट्ट. तेच बघून माणूस आणखी घाबरतो. उपाय उच्छ्वास लांबवणं. नाकाने ४ आकडे आत, ओठ चंबू करून ६ ते ८ आकडे बाहेर, ५ मिनिटं. 'खोल श्वास घ्या' हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण लोक आणखी जास्त हवा भरतात. कागदी पिशवीत श्वास घेणंही नको. सराव आधी २ आठवडे, रोज घरी, शांत असताना. विमानात पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही.

हातांच्या मुठी वळून सीटचे हात आवळून धरता ना? ते सोडा. आवळलेले स्नायू मेंदूला 'धोका आहे' असंच कळवत राहतात.

नकाशावेडा : टर्ब्युलन्सचा अंदाज देणारी ॲप्स आहेत की. आधीच कळलं तर बरं.

शांतनिवांत : एकदा बघितलंत तर चालेल. आदल्या दिवसापासून दर तासाला बघणार असाल तर उडवून टाका. खात्री करून घेण्याची सवय भीतीलाच खायला घालते. हवाईसुंदरीचा चेहरा न्याहाळत बसणं त्यातलंच. तुमची ट्रे आवरून झाली नाही म्हणून ती वैतागलेली असू शकते. आणि प्रवास टाळत राहिलात तर भीती वाढते. बोधात्मक वर्तन उपचारात (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारं समुपदेशन) पायऱ्या करतात: आधी विमानाचे आवाज ऐकणं, मग विमानतळावर जाऊन बसणं, मग छोटा प्रवास. आभासी वास्तवाचा चष्मा लावून केलेला सरावही २००० सालच्या एका अभ्यासात प्रत्यक्ष सरावाइतकाच उपयोगी ठरला.

गोळीपाणी : औषधांबद्दल विचारणार त्यांच्यासाठी. अल्प्राझोलामसारखी भीती शमवणारी गोळी डॉक्टरांनी दिली तरच, आणि पहिली गोळी कधीही विमानात नको, आधी घरी घेऊन बघा. दारूबरोबर अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. १९९७ च्या एका चाचणीत गोळी घेतलेल्यांना त्या प्रवासात कमी भीती वाटली, पण आठवड्याने गोळीविना उडाल्यावर घाबरण्याचे झटके जास्त आले. प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारं औषध) दमा असणाऱ्यांनी टाळायचं. मळमळ होते म्हणून घाबरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मळमळीची गोळी उड्डाणाआधी तासभर घ्यावी लागते, उलटी घशाशी आल्यावर नाही. कॉफी त्या दिवशी कमी करा, धडधड तिचीही असते.

ट्रॉलीवाली : टर्ब्युलन्समध्ये जे जखमी होतात त्यातले बहुतेक पट्टा न लावलेले असतात, आणि त्यात आम्ही केबिनवाले बरेच. म्हणून पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, खाली आणि घट्ट. चहा-कॉफी थांबवली तर ती भाजू नये म्हणून. कप अर्धाच भरलाय? त्याच कारणाने. उभे असताना हिसका बसला तर जवळच्या रिकाम्या सीटवर बसा, नाहीतर खाली बसून सीटचा पाय धरा. जागेवर पळत जाऊ नका. समोरच्या सीटखालची बॅग आडव्या दांड्याच्या आत बसलेली बघा, वरच्या कप्प्याचं दार खटकन लागलेलं बघा.

बडबडी : आणि कान? भीती नाही, पण उतरताना कानात कळ येते.

गोळीपाणी : वर जाताना कानातली हवा आपसूक बाहेर पडते, उतरताना आत यायला कान आणि घसा जोडणारी नळी उघडावी लागते, म्हणून दुखतं. उतरायला लागल्यापासून गिळत राहा, जांभई द्या. नाही सुटलं तर नाक दाबून हळूच फुंकर, जोर नको. बाळाला तेव्हा दूध पाजा किंवा चोखणी द्या. झोपलेलं असेल तर उतरणं सुरू होताना उठवा.

मधली_सीट : बाळाला उठवायचं?? ते विमान हलण्यापेक्षा भयंकर आहे हो.