संमिश्र संख्यांच्या पुढच्या संख्या आणि भौतिकशास्त्र : सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ती, रत्नागिरी

नमस्कार. मी येथील एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. दर शनिवारी दुपारी सहा-सात मुलांचा अभ्यासगट चालतो. पावस, लांजा आणि संगमेश्वरकडची मुले एसटी गाठण्यासाठी संध्याकाळी पाचला निघतात, त्यामुळे हाती जेमतेम दोन तास असतात. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि विशिष्ट सापेक्षता यांची त्यांना तोंडओळख आहे. ऑक्टोनियनमधून (आठ घटकांच्या संख्यांमधून) क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, निघतात असे एकाच्या वाचनात आले आहे आणि तेथूनच सुरुवात करावी असा त्याचा आग्रह आहे. गेल्या वर्षी मी तसेच केले होते. परंतु ६४ गुणाकारांचा तक्ता फळ्यावर लिहून होईपर्यंत तास संपला आणि मुलांच्या हाती काही लागले नाही. चार शनिवारांत काय घ्यावे आणि काय सोडावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : निवृत्त गणित शिक्षक, गुहागर

नमस्कार मॅडम. माझा सल्ला असा की पहिला शनिवार पूर्णपणे दोन मितींतच घालवावा. 'क' हे एक नवे एकक घ्या, पण त्याचा वर्ग किती हे लगेच सांगू नका. मुलांना (१ + ०.५क) या संख्येचा वर्ग करायला सांगा. उत्तर येईल १ + क + ०.२५क². आता क² = −१ धरले तर ०.७५ + क मिळते. म्हणजे अर्धा चढ असलेली रेषा तेवढ्याच कोनातून आणखी एकदा फिरवली की तिचा चढ ४/३ होतो. हे आपले नेहमीचे परिभ्रमण झाले. क² = ० धरले तर १ + क मिळते, म्हणजे अर्धा वेग आणि अर्धा वेग मिळून पूर्ण एक; ही गॅलिलिओची बेरीज. आणि क² = +१ धरले तर १.२५ + क मिळते, ज्यातील क च्या गुणकाचे उरलेल्या संख्येशी गुणोत्तर १/१.२५ = ०.८ येते. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून त्याच दिशेने, यानाच्या सापेक्ष तेवढ्याच वेगाने काही फेकले, तर बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा वेग प्रकाशाच्या ०.८ पट दिसतो, हे आइन्स्टाइनचे उत्तर मुलांच्या स्वतःच्या वहीत, एका ओळीच्या गुणाकारातून उतरते. सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही हे पाहून वेगळाच आनंद होतो, असा माझा अनुभव आहे. वर्ग +१ असलेली संख्या जेम्स कॉकल यांनी १८४८ मध्ये आणि वर्ग शून्य असलेली संख्या क्लिफर्ड यांनी १८७३ मध्ये मांडली, म्हणजे दोन्ही सापेक्षतेच्या कितीतरी आधीच्या आहेत.

दुसरा आणि तिसरा असे दोन्ही शनिवार क्वाटर्नियनला, म्हणजे चार घटकांच्या संख्यांना, द्यावेत. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील कालव्यावरच्या पुलाजवळ हॅमिल्टन यांना जे सुचले, त्याचा गाभा, प, फ, ब ही वर्ग −१ असलेली तीन एकके धरली तर, पफ = ब, पण फप = −ब एवढाच आहे. वही आधी पुढे कलंडवून मग उजवीकडे वळवली आणि नंतर हाच क्रम उलटा केला, तर ती वेगवेगळ्या स्थितीत येते. अवकाशातील परिभ्रमणेच क्रमनिरपेक्ष नाहीत, म्हणून त्यांना मांडणारी संख्याही क्रमनिरपेक्ष असून चालत नाही. यानंतर पाण्याने भरलेली वाटी तळहातावर ठेवायला सांगा. पाणी न सांडता ती काखेखालून एक पूर्ण फेरा फिरवली की वाटी जागेवर येते, पण हाताला पीळ पडलेला राहतो. त्याच दिशेने डोक्यावरून दुसरा फेरा दिला की पीळ सुटतो. क्वाटर्नियनमध्ये कोनाचा अर्धा भाग येतो, म्हणून ३६० अंशांना −१ आणि ७२० अंशांना +१ मिळतो. इलेक्ट्रॉनचा अर्धा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) हाच, आणि पाउली यांच्या १९२७ च्या मॅट्रिक्स म्हणजे काल्पनिक एककाने गुणलेले क्वाटर्नियनच होत. १९७५ मध्ये न्यूट्रॉनवरील प्रयोगांत हे वजा चिन्ह प्रत्यक्ष दिसले, हे अवश्य सांगावे. वाटीचा प्रयोग मात्र पडवीत करावा.

प्रतिसाद २ : संशोधक, मूळ गाव मालवण

सरांच्या क्रमाशी मी सहमत आहे. ऑक्टोनियन शेवटच्या शनिवारी घ्यावेत आणि तक्ता लिहूच नये. लांबींचा गुणाकार जपणाऱ्या (गुणाकाराची लांबी = लांबींचा गुणाकार) आणि एकक असलेल्या वास्तव बीजरचना, म्हणजे अशा संख्यांच्या पद्धती, १, २, ४ आणि ८ मितींतच संभवतात, हे हुरविट्झ यांनी १८९८ मध्ये सिद्ध केले. प्रत्येक पायरीवर एक गुणधर्म हातचा जातो : संमिश्र संख्यांत लहान-मोठेपणाचा क्रम, क्वाटर्नियनमध्ये क्रमनिरपेक्षता, आणि ऑक्टोनियनमध्ये साहचर्य, म्हणजे (पफ)ब = प(फब) हा नियम. क्वांटम सिद्धांतात एकामागून एक लावलेल्या क्रिया साहचर्य पाळतात, त्यामुळे ऑक्टोनियन तेथे सरळ बसत नाहीत, ही खरी अडचण मुलांसमोर मोकळेपणाने ठेवावी. ऑक्टोनियनांची सममिती, म्हणजे गुणाकार न बदलता त्यांची एकके फिरवण्याच्या सर्व रीती, १४ मितींच्या जी-२ या गटाने दिली जाते. सात काल्पनिक एककांपैकी एक स्थिर धरले की त्यातून क्वार्कच्या रंगांचा (हे खरे रंग नव्हेत, तर एक प्रकारचा प्रभार) एसयू(३) हा सममितीचा गट मिळतो. गुनायडिन आणि गुर्से यांनी १९७३ मध्ये याच धाग्याने क्वार्कची मांडणी केली. ही मांडणी अतिशय सुंदर आहे. पण त्या विद्यार्थ्याला हेही सांगावे की प्रमाणित प्रतिमान (मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत) यातून सिद्ध झालेले नाही, तो अजून संशोधनाचाच विषय आहे. क्वाटर्नियन पक्के झाल्याशिवाय या वाटेला लागलेले अनेक हुशार विद्यार्थी नुसत्या आकड्यांच्या जुळणीत अडकलेले मी पाहिले आहेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल पहिला शनिवार झाला आणि तिन्ही वर्ग मुलांनी स्वतः केले. एका विद्यार्थिनीने मात्र मला अडवले : क² = +१ असताना (१ + क)(१ − क) शून्य येते, म्हणजे १ + क ने भागताच येत नाही, मग तिला संख्या का म्हणायचे? मी पुढच्या शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

प्रतिसाद १

तिला शाबासकी द्या, मॅडम. १ + क ही एका सेकंदात एक प्रकाश-सेकंद अंतर कापणारी दिशा आहे, म्हणजेच प्रकाशाची. भागाकार करणे म्हणजे त्या वेगाने जाणाऱ्याच्या चौकटीत, म्हणजे त्याच्या मोजमापात, जाणे. प्रकाशासोबत धावणारी चौकट नाही, म्हणून तेथे भागाकारही नाही.