'कोणीतरी', 'कोणीही' आणि लोज्बानचं 'लो'

प्रश्न : लोज्बानमध्ये (तर्कशास्त्राच्या नियमांवर रचलेली कृत्रिम भाषा) 'मला डॉक्टर हवाय' कसं म्हणायचं? मी लिहिलं 'मि नित्शु लो मिक्शे' (मी, गरज असणे, नामाआधी लागणारा 'लो', डॉक्टर). तपासणाऱ्याने लाल रेघ मारली: 'म्हणजे जगात एक ठरावीक डॉक्टर आहे आणि तुम्हाला तोच हवाय.' अहो, मला कोणीही चालेल! मग 'रो' (सर्व) लावून पाहिलं, 'मि नित्शु रो मिक्शे'. तर म्हणे, आता तुम्हाला जगातले झाडून सगळे डॉक्टर लागणार.

उत्तर : रेघ जुन्या नियमाची आहे. १९९७च्या व्याकरणात 'लो'च्या पोटात 'सुहो' (किमान एक) दडलेला होता आणि तसाच नामाआधी येणाऱ्या 'ले'च्या पोटात 'रो'. पुढे 'खोर्लो' सुधारणेने हे दडलेले संख्यावाचक काढून टाकले. आता संख्या सांगायची असेल तर तुम्ही स्वतः लिहायची, त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य चालतं. आणि 'ले' म्हणजे सरळ 'तो' नव्हे. 'मी ज्याला अमुक म्हणतोय तो'. 'ले नान्मु' (पुरुष) म्हटलेली व्यक्ती बाई निघाली तरी वाक्य खोटं ठरत नाही.

दुसरं उत्तर : 'कोणीही' की 'ठरावीक' हा भेद मराठी 'ला'वर भागवते. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कोणीही चालेल. 'मी डॉक्टरला शोधतोय' म्हणजे तो मघाशी इथे होता, गेला कुठे? गंमत म्हणजे 'कोणीही चालेल'मधला 'कोणीही' आणि 'कोणीही आलं नाही'मधला 'कोणीही' एकच शब्द, पण पहिल्याचा अर्थ 'सगळे हवेत' असा होत नाही. तुमचा 'रो' तिथेच फसला.

पहिला : 'ला'चं मान्य, पण माणसांपुरतं. 'चावी शोधतोय' म्हणताना माझीच चावी डोक्यात असते, तरी 'चावीला' कोण म्हणतं?

दुसरा : बरोबर, निर्जीवाला ते क्वचितच लागतं. नकारात तर मराठी आणखी ढिली. 'सगळे आले नाहीत' म्हणजे काही आले, की एकही नाही? बोलताना सुरावर कळतं, लिहिताना पंचाईत. लोज्बानमध्ये क्रमच निकाल लावतो: 'नाकु' (नकार) 'रो'च्या आधी आला तर 'सगळे नव्हेत', नंतर आला तर 'एकही नाही'. हे मला मनापासून आवडतं, मराठीत आणता येणार नाही तरी.

विचारणारा : मग 'डॉक्टर शोधतोय'साठी 'सिस्कु' (शोधणे) वापरू?

पहिला : वापरा, पण 'सिस्कु'ला शोधायला वस्तू किंवा माणूस चालत नाही, गुणधर्म लागतो. नेमका हाच घोळ टाळायला ती व्याख्या तशी ठेवली आहे. 'मि सिस्कु लो का शेहु मिक्शे', शब्दशः 'मी डॉक्टर-असणं शोधतोय'.

विचारणारा : ताप उतरेपर्यंत हे वाक्य पाठ होईल असं वाटत नाही.