अनुभव धागा: लेकरू पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे

म्हापशाची_आई:
आज सकाळी पोदेराचा उंडा (पाववाल्याचा गोल पाव) चावताना लेकाचा हलणारा दात पडला. रडणं राहिलं बाजूला, स्वारी आरशासमोर मिरवतेय. मला मात्र बांबोळीचं दंत महाविद्यालय आठवलं. तेव्हा 3 वर्षांचा होता, पुढच्या दातांवर तपकिरी रेघा. (रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपायचा, चूक माझीच.) दंत महाविद्यालयात लहान मुलांचा विभाग आहे, तिथे नेलं. वाटेत मी शहाणी म्हणते, "सुई टोचणार नाहीत हं!" तोवर त्याच्या डोक्यात सुई नव्हतीच. खुर्चीवर चढेना. शेवटी मी खुर्चीत, तो मांडीवर. डॉक्टरबाईंनी छोटा आरसा त्याच्याच हातात दिला आणि माझे दात मोजायला लावले. त्याला दहापर्यंतच येत होतं, म्हणून मला दहाच दात. मग त्याचे मोजले, 20. त्या दिवशी एवढंच.
तुमचं सांगा.

डिचोलीकरीण:
दहा दातांची आई!! हसून चहा सांडला.

फोंड्याची_माई:
सासूबाई म्हणायच्या, दुधाचे दात, पडणारच, पैसे कशाला घालायचे. दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत राहतात हे कोणाला माहीत! ऐन चवथीत (गणपतीत) गाल सुजला. घरात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा भरलेला आणि पोरगी पेज पितेय.

सत्तरीकर:
बाबांनी लिहिलं तर चालेल ना? मुलगी मजेत बसली होती. शेजारच्या खुर्चीतलं मशीन घुंईऽऽ करून सुरू झालं आणि घाम मला फुटला. ती म्हणते, "बाबा, तू भायर बस."

पर्वरी_२:
माई, नेवऱ्यांत चून (ओलं खोबरं-गूळ) घालता की रवा?

फोंड्याची_माई:
रवा, सुकं खोबरं, तीळ. चुनाच्या टिकत नाहीत गो.

मडगावकरीण:
कुकर लावलाय, घाईत लिहिते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची!! एकही दात न पडता येते, म्हणून आपल्याला दुधाचीच वाटते. आमची तीच किडली. पेस्ट 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तशी नको. शिटी झाली, पळते

म्हापशाची_आई:
बरं, पडलेल्या दाताचं काय करू? आजीने सांगितलंय कौलांवर फेक. आम्ही फ्लॅटमध्ये, तिसरा मजला.

डिचोलीकरीण:
आमच्याकडे ये, कौलं आहेत. येताना उंडे आण.