कॅन्सरची गोळी भाच्याले द्यायची का?

मामा, मूल तालुका: भाचा 9 वर्षांचा, सिकलसेल एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजला की रात्रभर पाय धरून रडतो, ताई गरम पाण्याची बाटली फिरवत बसते. यंदा दोनदा भरती केला. नागपूरच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिली. इथले जुने डॉक्टर म्हणतात, कॅन्सरची गोळी आहे, संशोधन अमेरिकेचं, फॉलिक अ‍ॅसिडवरच (रक्तवाढीचं व्हिटॅमिन) राहू द्या. मले त्यांचंच पटते. तीस वर्षं पेशंट पाहिलेला माणूस आहे.

एमबीबीएस, गडचिरोली: तीस वर्षांत त्यांनी ही गोळी किती मुलांना दिली, ते विचारा. कॅन्सरमध्ये देतात हे खरं, पण सिकलमध्ये ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, मग पेशी विळ्यासारख्या कमी वाकतात. 1995 च्या अमेरिकी चाचणीत 299 रुग्ण होते. डमी गोळीवाल्यांना वर्षाला साधारण साडेचार क्रायसिस, म्हणजे दुखण्याचे तीव्र झटके, औषधवाल्यांना अडीच.

गुरुजी, आरमोरी: ते सगळे मोठे, अन् तिकडचे. आपल्याकडचा सिकल सौम्य असतो म्हणतात.

एमबीबीएस: पुस्तकंही तसंच म्हणायची, कारण आपल्या रुग्णांत ते हिमोग्लोबिन मुळातच जास्त. नागपूरच्या वॉर्डात मात्र पोरं कण्हतच होती. म्हणून तिथल्या शासकीय मेडिकलमध्ये मुलांवरच चाचणी झाली, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम. 2012 मध्ये छापून आली. क्रायसिस बरेच कमी झाले. आता ही पोरं कुठली म्हणाल?

सिस्टर, उपकेंद्र: पेपर बरोबर असंल जी. पण या गोळीनं पांढऱ्या पेशी उतरतात, सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करत राहा लागते. आमच्या इकडं मशीन आहे, त्यात टाकायचं रसायन, रिएजंट, नाही. अन् कॅप्सूल भेटते 500 मिलिग्रॅमची, 20 किलोच्या पोराले लागते 200. एक माय कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून अंदाजानं पाजत होती! चाचणीत औषध मोजून, रक्त मोजून. इथं कोण मोजते?

एमबीबीएस: मग रिएजंटसाठी भांडा, गोळी कायले नाकारता? फॉलिकनं क्रायसिस थांबत नाही.

सिस्टर: भांडतोच. तोवर पोरगं कोणाच्या भरवशावर?

गुरुजी: सिस्टरचा मुद्दा पटला. माझा मागे घेतो, अर्धा.

मामा: किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, 21 भरलं. सोमवारी चंद्रपूरला सीबीसी, रिपोर्ट आला की नागपूरला फोन. कॅप्सूल फोडायची नाही, हे ताईले आजच सांगतो.

सिस्टर: चप्पल काढून उभा केला होता ना?