अनुभव धागा: कामिकात्सु आणि आसपास

तोक्यो-क्योतोवर भरपूर लिहून झालंय, म्हणून हा धागा फक्त कामिकात्सुसाठी. शिकोकु बेटावर तोकुशिमा प्रांतात डोंगरात वसलेलं छोटं गाव, जेमतेम दीड हजार वस्ती. जे गेलेत, जवळपास राहतात, तिथल्या कुणाला ओळखतात त्यांनी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

इथे कचऱ्याची गाडी येतच नाही. ओला कचरा घरच्या घरी जिरवायचा, बाकीचा धुऊन, वाळवून स्वतः केंद्रावर न्यायचा, आणि तिथे चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायचा. मी गेले तेव्हा एक आजी छोट्या पांढऱ्या ट्रकमधून पिशव्या उतरवत होत्या. बाटलीचं झाकण एका डब्यात, वरचं लेबल दुसऱ्यात, बाटली तिसऱ्यात, हात भराभर चालत होते आणि तोंडाने तिथल्या कर्मचारी मुलीशी गप्पा. प्रत्येक डब्यावर पाटी आहे, ही वस्तू पुढे कुठे जाते आणि किलोमागे गावाला किती पैसे मिळतात किंवा किती भरावे लागतात. मला ती पाटी सगळ्यात आवडली, कारण नुसतं स्वच्छता राखा असं सांगण्यापेक्षा गावाचा हिशोबच लोकांसमोर उघडा ठेवलाय. बाजूला कुरुकुरु नावाचं दुकान आहे, नको असलेली चांगली वस्तू तिथे ठेवायची, हवी ती फुकट न्यायची, फक्त नेताना वजन करून लिहायचं.

तोकुशिमावाला
मी इथे विद्यापीठात आहे, थोडी मागची गोष्ट सांगतो. कामिकात्सु १९५५ मध्ये दोन खेडी एकत्र करून झालं, तेव्हा सहा हजारांच्या वर लोक होते. पुढे लाकडाचा धंदा बसला, तरुण शहरात गेले आणि आज निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे. कचऱ्याचं म्हणाल तर ते हौस म्हणून सुरू झालेलं नाही हो. आधी सगळा कचरा उघड्यावर जाळायचे, मग छोट्या भट्ट्या आणल्या, तेवढ्यात डायॉक्सिनचे (कचरा जाळताना निघणारं विषारी रसायन) नियम कडक झाले आणि त्या बंद कराव्या लागल्या. नवीन मोठी भट्टी बांधायला पैसा नव्हता, मग जाळायला लागूच नये म्हणून वर्गवारी वाढवत नेली. २००३ मध्ये गावाने जपानमधली पहिली झीरो वेस्ट, म्हणजे कचरा शून्यावर आणायची, घोषणा केली. आज ८० टक्क्यांच्या आसपास कचरा रिसायकल होतो, देशाची सरासरी २० च्या घरात आहे. डायपर, रबर, काही प्रकारचं प्लास्टिक यांचं मात्र अजून जमत नाही, आणि ते बनवणाऱ्यांनीच बदलल्याशिवाय जमणारही नाही. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्या म्हाताऱ्यांच्या घरून कचरा उचलायची सोय आहे.

कोबेकर
पानांबद्दल कुणीच नाही लिहिलं अजून! १९८१ च्या फेब्रुवारीत इथे भयंकर थंडी पडली, संत्र्याच्या बागा जळून गेल्या आणि तेच तर मुख्य पीक. शेतकी संस्थेत काम करणारे योकोइशी तोमोजी ओसाकात जेवायला गेले होते, तिथे ताटात सजावटीला ठेवलेलं मेपलचं पान मुलींनी कौतुकाने रुमालात गुंडाळून नेलेलं त्यांनी बघितलं. १९८६ पासून गावातल्या बायका पानं-फुलं खुडून हॉटेलांना विकायला लागल्या, इरोदोरी म्हणतात त्याला. माझ्या ओळखीच्या आजी पहाटे टॅबलेटवर ऑर्डर आणि भाव बघतात, मग मागच्या बागेत जातात. सगळी पानं एका आकाराची, एकावरही डाग नको, मी मदतीला बसलो तेव्हा माझी अर्धी पानं त्यांनी शांतपणे बाजूला काढली :) म्हातारपणी स्वतःच्या कमाईचा केवढा आनंद असतो ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

चहाप्रेमी
उन्हाळ्यात गेलात तर आवाबान्चा, म्हणजे इथला आंबवलेला चहा, कसा बनवतात ते नक्की बघा. पानं पूर्ण वाढू देतात, मग खुडून उकळतात, चुरतात, पिंपात दाबून वर दगड ठेवून आंबवतात आणि नंतर उन्हात वाळवतात. चव आंबटसर, आपल्या चहाची सवय असेल तर पहिल्या घोटाला विचित्र वाटेल, दुसऱ्यापासून आवडायला लागतो.

सिंधुदुर्गातून
वाचून आमचं वेंगुर्ला आठवलं. आमच्या नगरपरिषदेनेही डंपिंग ग्राउंडचं उद्यान केलंय, सुका कचरा वीसच्या वर प्रकारांत वेगळा होतो. फरक एवढाच वाटतो की आमच्याकडे बरंचसं काम सफाई कर्मचारी करतात, तिकडे घरातला माणूस करतो. ते आपल्याकडे रुजायला हवं असं मनापासून वाटतं. जायचं कसं कुणी सांगेल का?

(धागाकर्ती)
तोकुशिमा शहरातून गाडीने साधारण तासभर. बस कमी आहेत आणि वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या, तेव्हा गाडी भाड्याने घेतलेलीच बरी. कचरा केंद्रालाच लागून छोटं हॉटेल आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं, राहिलात तर स्वतःचा कचरा स्वतःच वेगळा करायचा. काशिहाराची भातखाचरं चुकवू नका, रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रक आला की मागे घ्यायची तयारी ठेवा. अजून कुणी गेलं असेल तर लिहा, विशेषतः हिवाळ्यात.